घरातल्या नोटा मी हवेत ठेवल्या

आमच्या वयाच्या मुलांनी मोबाइलमधलं पाकीट का धरलं, यावर हल्ली कुणीही बोलतं. सोय झाली म्हणतात, सवलती मिळाल्या म्हणतात, पोरांना नव्याची हौसच असते म्हणतात. माझ्यापुरतं विचाराल तर मी घाबरलो होतो. घाबरलेला माणूस जे काही करतो त्याला पुढे लोक 'प्रगती' वगैरे म्हणतात, त्याला माझा इलाज नाही.

महामारीच्या पहिल्या उन्हाळ्यात मी नवी मुंबईतून गावी आलो. गाव म्हसळ्याच्या अलीकडे, खाडीपासून जरा आत. मी बावीस वर्षांचा, एका ऑफिसात कॉम्प्युटरवर आकडे भरायच्या नोकरीवर होतो. पगार थांबला, खोलीतला जोडीदार तापाने फणफणला, त्याला रात्रीतून उचलून नेलं आणि मी एटीएम कार्डासकट सगळं खोलीतच टाकून, भाजीच्या रिकाम्या टेम्पोत कोबीच्या पाल्यावर बसून पळालो. मागे इमारत सील झाली. कार्ड आत आणि मी बाहेर. मी आत आणि कार्ड बाहेर असं झालं नाही, याचंच तेव्हा कौतुक वाटलं.

घरी फक्त आई. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. आईला साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. तिला जवळचं नीट दिसत नाही, त्यामुळे सिरिंजवरच्या बारीक रेघा बघून औषध भरायला दुसरं माणूस लागतं. मी नसताना हे काम शेजारच्या काकू करायच्या. टीव्हीवर तेव्हा रोज सांगत की साखरवाल्यांना हा रोग धरला की सोडत नाही. हे वाक्य ऐकलं की आई आवाज कमी करायची आणि मी टीव्हीच बंद करायचो. दोघंही एकमेकांना सांगायचो, वीज वाचवतोय.

पण घरी जाण्याआधी मुंबईकरांना गावच्या शाळेत कोंडत. आम्ही आठदहा पोरं तिसरीच्या वर्गात, भिंतीवर फुलपाखराचं जीवनचक्र, आणि खिडकीतून दिसणारं किराणा दुकान. दुकानवाले काका आमच्या ओळखीचे. लहानपणी त्यांनी मला फुकट गोळ्या दिलेल्या. आता त्यांनी दुकानापुढे बांबू आडवा बांधला होता. सामान हवं तर मुंबईकराने यायचं, नोट पायरीवर ठेवायची, दहा पावलं मागे सरायचं. मग काका बाहेर येऊन नोटेवर वरून औषधाचं पाणी शिंपडत, चिमट्याने उचलत आणि दोरीवर क्लिप लावून वाळत टाकत. दोरीवर एका बाजूला त्यांच्या घरच्या काकूंचे परकर आणि दुसऱ्या बाजूला गांधीजी.

आम्ही हसायचो. एकजण म्हणाला, "काका, नोटेला इस्त्री पण करा."

काका म्हणाले, "करतो रं, कोळसा तू आणून दे."

शाळेतून सुटून घरी आल्यावर मी हा किस्सा आईला रंगवून सांगितला, चिमट्याची नक्कल करून. आई हसली नाही. चुलीतलं लाकूड तिने मागे ओढलं. "माज्या आज्याचे पैसे असेच घ्यायचे," ती म्हणाली. "खाली ठेवायला लावायचे. वरून पाणी. तेव्हा रोग न्हवता."

आमच्या आजोबांच्या पिढीने धम्म घेतला, तो असल्या पायऱ्यांवरून उठून. मला हे पाठ होतं, जयंतीच्या भाषणात मी ते दोनदा बोललोही होतो. पण चिमट्याने उचललेली माझी नोट आणि ती गोष्ट एकमेकांना जोडायची अक्कल मला आली नव्हती. काकांच्या मनात तसं काही नव्हतं, मुंबईहून आलेल्या स्वतःच्या सख्ख्या भाच्यालाही त्यांनी बांबूपलीकडेच उभं केलं होतं. तरी मी ठरवलं, पुन्हा त्या पायरीवर नोट ठेवायची नाही.

दुकानवाल्यांची मुलगी माणगावच्या कॉलेजात होती. तिने वडिलांच्या मागे लागून दुकानाच्या खांबावर फोनने पैसे घ्यायचा तो काळापांढरा चौकोन चिकटवला. मी माझ्या फोनवर पाकीट उघडलं, खात्यात उरलेले शेवटचे रुपये त्यात वळवले. पहिल्या खरेदीत साबणाचे पैसे गेले आणि काही रुपये परत आले. ते परत आलेले रुपये बघून मला जो आनंद झाला तो पगाराने कधी झाला नव्हता. बांबूच्या अलीकडून नुसता फोन धरायचा, आत दुकानात टुंग वाजायचं, आणि काका सामान बांबूवर ठेवायचे. ना चिमटा, ना शिंतोडे. मी सरळ उभा राहून खरेदी करत होतो.

मग मी प्रचाराला लागलो. मला काही नवं कळलं की ते इतरांना कळेपर्यंत माझ्या पोटात दुखतं. दुकानापाशी रेंजची एखादी कांडी मिळायची, पण भरपूर यायची ती देवळामागच्या कातळावर, डोंगरावरच्या टॉवरकडे तोंड करून उभं राहिलं की. मी पोरांना तिथे जमवून, म्हणजे लांब लांब बसवून, सांगायचो की नोटेच्या घडीत विषाणू किती तरी दिवस जिवंत राहतो. किती दिवस ते मी दर वेळी वाढवायचो. एकाने विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "आलाय मेसेज." तेवढ्यावर त्या काळात माणसं पटत. कुणी घाबरून पाकीट घेतलं, कुणी परत येणाऱ्या रुपयांसाठी, आणि उरलेल्यांनी बाकीच्यांनी घेतलं म्हणून. माझ्या नावावर प्रत्येक नव्या पोरामागे बक्षीस जमा होत होतं, हे मी व्याख्यानात सांगायचो नाही.

आणि मग मी ते केलं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलोय.

आईने काजूच्या बिया विकून आलेले पैसे पोह्यांच्या डब्यात ठेवले होते. घरात रोख तेवढीच. मला झोपेत तो डबा दिसायला लागला. कुणाकुणाच्या हातातून आल्या असतील त्या नोटा, आणि आई त्याच डब्यात हात घालून पोहे काढते. मी म्हटलं, "आई, हे पैसे फोनमध्ये टाकू."

"फोनात कसं मावतील?"

"मावतात."

"आन् काढायचे कसे?"

"काढायचे कशाला? तिथूनच द्यायचे."

"तू म्हणतोस तर टाक. तू शिकलेला हायस."

दुकानवाल्या काकांना माणगावहून माल आणणाऱ्या टेम्पोला रोख द्यावी लागायची, त्यांना नोटा हव्याच होत्या. मी प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून, तोंडावर दुहेरी रुमाल बांधून, आईच्या नोटा त्यांना नेऊन दिल्या. मुलीने तेवढे पैसे माझ्या पाकिटात टाकले. त्यातून बँकेत वळवता येईना, कागदपत्रांची तपासणी बाकी होती आणि तपासायला येणारा माणूस लॉकडाऊनमध्ये घरी बसलेला. मी म्हटलं, काय फरक पडतो. पोह्यांचा डबा साबणाने धुऊन उन्हात पालथा घातला. माझं बघून आणखी चार घरच्या पोरांनी आपापल्या आयांचे डबे रिकामे केले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वादळ आलं.

किनाऱ्यावर वादळ येणार हे रेडिओ सांगत होता, पण आम्हाला वाटलं, नेहमीसारखं गुजरातकडे वळेल. ते वळलं नाही. दुपारभर घर कुणीतरी खांद्यावर घेऊन चालल्यासारखं हलत होतं. मी आणि आई जात्याशेजारी भिंतीला पाठ लावून बसलो होतो. कौलं उडताना आवाज येत नाही, वाऱ्याचाच इतका मोठा असतो. अचानक डोक्यावर आकाश दिसतं आणि कळतं. आई सगळा वेळ माझा दंड धरून होती. मी मोठ्याने विनोद करत होतो, ते मलाही ऐकू येत नव्हते.

संध्याकाळी वारा उतरला तेव्हा सुपारीच्या बागा दाते मोडलेल्या कंगव्यासारख्या दिसत होत्या. विजेचे खांब आडवे. मी आधी घराकडे नाही, डोंगराकडे बघितलं. टॉवर कमरेतून वाकून खाली बघत होता.

घरातले सगळे पैसे त्या टॉवरवर होते.

आणि फ्रीज बंद पडला होता. आत आईच्या इन्सुलिनची एक चालू बाटली, आणि एक नवी, जी फ्रीज कलंडल्याने फुटलेली. आईने चालू बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवली. मी ती उजेडात धरून बघितली. तळाशी थोडं होतं. तीन-चार वेळचं, फार ओढलं तर.

"पुरंल," आई म्हणाली.

"हो," मी म्हणालो. दोघंही खोटं बोललो.

शेजारच्या काकूंचं छप्पर गेलं होतं, त्या पोरंबाळं घेऊन बहिणीकडे निघून गेल्या. मी दुकानवाल्या काकांकडे गेलो. त्यांच्या दुकानात पाणी शिरलेलं, खांबावरचा चौकोन ओला होऊन लोंबत होता.

"काका, थोडी रोख द्या. आईची सुई संपत आलीय."

काका पाण्यातून साखरेचं पोतं ओढत होते. "होती ती तुझीच होती रं बाबा. टेम्पोवाला घेऊन गेला. मला तरी कुठे ठाऊक होतं?" मग हळूच म्हणाले, "आता तो फोन दाखव म्हसळ्याला."

हे टोमण्यासारखं होतं पण त्यांच्या तोंडावर टोमणा नव्हता. बाकीच्या घरांत गेलो तर पत्रे आणि कौलं घ्यायला प्रत्येकाने नोट मुठीत आवळलेली. ज्यांच्या मुठी रिकाम्या होत्या ती माझीच चार घरं. एका पोराची आई मला बघून नुसती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याची बाइक घेऊन निघालो. रस्त्यावर झाडं आडवी, माणसं कोयते करवती घेऊन तोडतायत, बाइक कधी उचलायची कधी ढकलायची. म्हसळ्याच्या सरकारी दवाखान्यात इन्सुलिन आधीच संपलेलं. एका मेडिकलवाल्याकडे बर्फाच्या डब्यात काही बाटल्या होत्या. मी फोन पुढे केला. पडद्यावर एक चाक गोल गोल फिरत होतं.

तो म्हणाला, "हे काय आहे?"

"पैसे आहेत. रेंज आली की दिसतील."

"भाऊ, मागे रांग बघ. नोट असली तर बोल."

"आई आहे माझी."

"इथे सगळ्यांचीच कुणीतरी आहे," तो म्हणाला. रागाने नाही, थकून. मागच्या बाईने माझ्या खांद्यावरून हात घालून नोटा पुढे केल्या. मळक्या, चुरगळलेल्या, घामाने ओल्या. मी आयुष्यात काही इतकं सुंदर बघितलं नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, माणगावला महामार्गावर रेंज आहे. मी निघालो. सगळ्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच हिशोब: सकाळची सुई दिली होती, अर्धीच. आईने ती अर्धी आहे हे ओळखलं होतं. साखर चढली की माणूस आधी नुसतं पाणी मागतं, मग सुस्तावतं, मग उठत नाही, हे शेजारच्या काकूंनी मला एकदा सांगून ठेवलेलं. निघताना आईने दोन तांबे पाणी प्यायलेलं मी बघितलं होतं.

माणगावला मेडिकल उघडं होतं. बाहेर जनरेटर, आत फ्रीज, फ्रीजमध्ये बाटल्या. काउंटरवर तो चौकोनही होता. काउंटरवरचे गृहस्थ डोक्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टिकमध्ये, हातमोज्यांवर हातमोजे, तोंडापुढे काच. मला ते बघून फार बरं वाटलं. माझ्याच पंथाचा माणूस.

"पैसे मोबाइलवर चालतील ना?"

"चालतील की. पण रेंज इथे नाही. ती त्या बंद हॉटेलसमोर." त्यांनी हातमोज्याने रस्त्यापलीकडे दाखवलं. "तिथून पाठवा."

मी चौकोनाचा फोटो काढला. मग लक्षात आलं. "पण आले हे तुम्हाला कसं कळणार?"

"तेच तर. मलाही तिथे यावं लागेल. आणि तिथे मी मरेपर्यंत येणार नाही." थोडा वेळ त्यांनी विचार केला आणि आपला फोन एका पारदर्शक पिशवीत घालून माझ्याकडे सरकवला. "घेऊन जा. वाजला की आणा. बाइकची चावी इथे ठेवा."

मी दोन फोन घेऊन रस्ता ओलांडला.

हॉटेलसमोरच्या अंगणात एका कोपऱ्यात, एका खोलीएवढ्या जागेत, रेंज होती. त्याच्या एक पाऊल बाहेर नव्हती. आणि त्या खोलीएवढ्या जागेत तीन तालुक्यांची तरणी पोरं उभी होती. श्रीवर्धनकडची, म्हसळ्याची, तळ्याची. सगळ्यांचे हात वर, हातात फोन. खांद्याला खांदा, पाठीला पोट. कुणाची मुखपट्टी गळ्यात, कुणाची वादळात गेलेली. कुणी मुंबईच्या भावाला ओरडून सांगत होतं की आपण जिवंत आहोत. बाकीचे सगळे माझ्यासारखे, पाकीट उघडत होते.

मी कोथिंबीर मिठाच्या पाण्यात धुणारा माणूस. दुधाच्या पिशवीला आंघोळ घालणारा. मी कडेला उभा राहिलो. कडेला रेंज नव्हती. आईच्या दोन तांब्यांची आठवण आली आणि मी आत घुसलो.

आत गरम होतं. एका पोराचा श्वास माझ्या मानेवर, माझा दुसऱ्याच्या. पाकीट उघडलं. आईचे काजू दिसले, आकड्यात. फोटो निवडला, रक्कम टाकली, बटण दाबलं. चाक फिरायला लागलं. फिरत राहिलं. मग अक्षरं आली: प्रक्रिया सुरू आहे, कृपया वाट पाहा.

वाट पाहताना कुणीतरी खोकलं.

अगदी जवळ, कोरडं. एरवी त्या दिवसांत बाजारात कुणी खोकला की माणसं कावळ्यांसारखी उडायची. इथे कुणी हललं नाही. हलला की रेंज गेली, पैसे मध्येच अडकले. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि श्वास धरला. तो पुन्हा खोकला. मी वर धरलेल्या फोनकडे बघत होतो आणि मला स्वतःचं डोकं फिरलेलं दिसत होतं. नोटेला हात लागू नये म्हणून मी हे पाकीट घेतलं, आणि त्या पाकिटाने मला आणून उभं केलं ते इथे. उभ्या महामारीत माझ्या अंगाला इतकी माणसं कधीच लागली नव्हती.

पिशवीतला फोन टुंग वाजला. मी रडलो की काय ते आठवत नाही. धावलो एवढं खरं.

इन्सुलिन बर्फाच्या पिशवीत घालून घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. जीभ कोरडी पडून बोलणं जड झालेलं. मी अंगणातच थांबलो. बाटली तुळईच्या तुकड्यावर ठेवली आणि मागे सरलो.

"मी गर्दीत होतो आई. कुणीतरी खोकत होतं. मी आत येत नाही."

"मग सुई कोण भरनार?"

सगळ्या वाटेवर मी याचंच उत्तर शोधत आलो होतो. मी आत गेलो नाही तर साखर, गेलो तर मी.

आईने भिंतीकडे तोंड केलं, पदर नाकाला दाबला आणि दंड माझ्या दिशेने काढून ठेवला. "ये," ती म्हणाली. "बोलू नको फक्त. तुला बोलायची लई सवय."

मी हात कोपरापर्यंत धुतले, तीन रुमाल बांधले, श्वास धरून रेघेपर्यंत औषध भरलं. आणि टोचलं.

पुढचे दिवस मी अंगणात ताडपत्रीखाली राहिलो. सुईपुरता ओट्यावर जायचो, श्वास धरून. आई सुधारली, पाणी मागणं कमी झालं, आणि माझी भीती एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसली. ती शिंकली की मी उभा. एकदा मिरचीच्या फोडणीने ठसकली तर मी बाइककडे धावलो. दवाखान्यात न्यायला, की पळून जायला, ते मलाही माहीत नाही.

वास जाणं हे त्या रोगाचं लक्षण म्हणत. म्हणून रोज पहाटे अंधारातच मी सुक्या बोंबलांचा डबा उघडून नाकाशी धरायचो. बोंबील हा माणसाला फसवत नाही. वास आला की त्या दिवसापुरता मी जिवंत, आणि म्हणून आईही.

एक दिवस डबा उघडला, नाक आत घातलं, आणि काही नाही. पुन्हा ओढून घेतलं. काहीच नाही. आदल्या सकाळी मी तिच्या दंडाला हात लावला होता. त्याच्या आदल्या सकाळीही. मी डबा धरून चिखलात बसलो आणि हाक मारायचं धाडस होईना.

आई ओट्यावर आली.

"काय करतोस?"

"आई, वास येत न्हाय."

"कशाचा?"

"बोंबलाचा."

"काल संपले ते," ती म्हणाली. "डबा राखेनं घासून ठेवलाय मी."

मला ते पटेना. मी तसाच उठून मागच्या दारी वादळात कुजलेल्या सुपारीच्या ढिगाऱ्यात तोंड खुपसून उभा राहिलो. आला वास. घाण, आंबट, भरभरून. मी उभ्या उभ्या छातीभर ओढत राहिलो. ओट्यावरून आईचा आवाज आला, सुई द्यायची वेळ टळत चालली होती, आणि तिला भूक लागली होती.